काळा बुरखा, निळं साटीन: १९६६चा ‘बॅटमॅन’ ब्लू-रेवर

हेलिकॉप्टरच्या शिडीला बॅटमॅन लोंबकळतोय, त्याच्या पायाला शार्क चिकटलाय, आणि मी रिमोट दाबून चित्र थांबवलंय. माझी नजर शार्कवर नाही, गुडघ्यावर आहे. करड्या टाइट्सना गुडघ्याशी तीन चुण्या पडल्यात. कापड ताणून परत सैल पडलं की अशाच चुण्या पडतात. आमच्याकडे बालनाट्याच्या चौथ्या-पाचव्या प्रयोगाला हनुमानाच्या गुडघ्याशी हेच होतं, आणि मग मध्यंतरात विंगेत बसून मी आतून इलॅस्टिकचा टाका घालते.

ठाण्यात बावीस वर्षं मी नाटकांचे आणि शाळांच्या गॅदरिंगचे कपडे शिवते. राक्षस, परी, झाड, सूर्य, शिवाजी महाराजांचे मावळे, फुलपाखरं, यंत्रमानव. त्यामुळे हे परीक्षण सिनेमाच्या जाणकाराचं नाही, शिवणाऱ्या बाईचं आहे. आणि माझं ठाम मत आधीच सांगते: हा सिनेमा बघायचा तर स्वच्छ ब्लू-रेवरच बघावा, कारण त्याचे टाके दिसायला हवेत. टाके दिसतात म्हणून लोक त्याला हसतात. मला ते टाके दिसले तेव्हा त्या माणसांबद्दलचा आदर दुप्पट झाला.

पहिल्यांदा पाहिला तो १९८९ साली, कुडाळजवळच्या आमच्या गावात. मामा मस्कतला होता. त्या मे महिन्यात तो व्हीसीआर घेऊन आला आणि सोबत सात कॅसेटी. सहा हिंदी, एक ही. कॉपीची कॉपी असणार, कारण लाल रंग बॅटमॅनच्या साथीदाराच्या, म्हणजे रॉबिनच्या, बंडीतून बाहेर सांडून भिंतीवर पसरायचा आणि बॅटमॅनचा निळा रंग पार काळा दिसायचा. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. पडवीत तीसएक माणसं बसली होती. आजी खांबाला टेकून बघत होती. बॅटमॅन पहिल्यांदा पडद्यावर आला तशी म्हणाली, “ह्यो संकासूरच! पण बऱ्या बाजूचो.”

ज्यांनी दशावतार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार होतो. पायपेटी, पखवाज, झांज. आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, मग वेद चोरणारा संकासूर येतो. काळा पेहराव, तोंडावर काळा बुरखा, आणि तोंडात मालवणी. नट दिवसा शेतात असतात, रात्री आपलं तोंड आपणच रंगवतात. बुरख्याची शिवण समोरच्या पोरांना हातभरावरून दिसते. तरी विष्णू आला की तीच पोरं श्वास धरून बसतात. आजीने त्या टीव्हीवर नेमकं तेच ओळखलं होतं, भाषा न कळता.

आता डिस्कबद्दल. ही ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने २००८ साली काढलेली ब्लू-रे. माझ्या भाच्याने न्यू जर्सीहून आणली. त्याआधी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली होती, तर डबीतली चकती सुटी होऊन खुळखुळत आली, मागच्या बाजूला नखाएवढा ओरखडा, आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला चित्र गोठायचं. पैसे परत मिळायला दीड महिना लागला. मागवणाऱ्याने डबी हातात आल्यावर आधी हलवून बघावी. दुसरी गोष्ट म्हणजे ब्लू-रेच्या रिजनची. भारत सी विभागात येतो, अमेरिका ए विभागात, आणि एका विभागाची चकती दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालेलच असं नाही. माझ्याकडे सगळे विभाग चालवणारा प्लेअर आहे, म्हणून मला तो प्रश्न आला नाही. तुमच्याकडे साधा प्लेअर असेल तर आधी विचारून घ्या. हिंदी-मराठी आवाज किंवा उपशीर्षकं यात नाहीत.

हा सिनेमा आला कसा, तेही थोडक्यात. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर १२ जानेवारी १९६६ला ‘बॅटमॅन’ मालिका सुरू झाली आणि एका रात्रीत गाजली. पहिला हंगाम संपून दुसरा सुरू व्हायच्या मधल्या काळात बहुतेक तेच नट, तेच कपडे घेऊन हा १०५ मिनिटांचा सिनेमा झाला. दिग्दर्शक लेस्ली मार्टिन्सन, लेखक लोरेंझो सेम्पल. ३० जुलैला टेक्सासमधल्या ऑस्टिनला पहिला खेळ झाला. ऑस्टिनच का, तर सिनेमातली बॅटबोट तिथल्या ग्लास्ट्रॉन या होड्या बनवणाऱ्या कंपनीने तयार केली होती. सिनेमाच्या खर्चातून बॅटबोट, बॅटकॉप्टर, बॅटसायकल अशी वाहनं मिळाली आणि पुढे मालिकेने तीच दृश्यं पुन्हापुन्हा वापरली. नाटक कंपनीचा पेटारा असाच चालतो. एकदा चांगला मुकुट झाला की तो दहा वर्षं दहा राजांच्या डोक्यावर फिरतो.

मालिका १२० भागांनंतर मार्च १९६८मध्ये संपली. हक्कांच्या गुंत्यामुळे ती थेट २०१४ साली डिस्कवर आली. तोपर्यंत अॅडम वेस्टचा बॅटमॅन घरी विकत आणून बघायचा तर हा सिनेमाच काय तो होता. हल्लीच्या काळ्या रबरी चिलखतातल्या बॅटमॅनवर वाढलेली मुलं याला जोकरगिरी म्हणतात. त्यांनी एकदा बसून बघावा एवढंच माझं मागणं आहे.

मी बघितला तो रविवारी दुपारी, कारखान्यातच. कारखाना म्हणजे दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल आणि भिंतीवर टीव्ही. सोबत बेबीताई होत्या. काज-बटण आणि तुरपाई त्यांच्याकडे असते, वय बासष्ट, इंग्रजीचा गंध नाही. मी कथा सांगत बसले नाही, आणि त्यांनी विचारलीही नाही.

पहिला धक्का रंगांचा. मस्कतच्या कॅसेटीत जे काळं होतं ते इथे गर्द निळं साटीन आहे, आणि साटीनला जो ओला उजेड लागतो तो झग्याच्या प्रत्येक घडीवर वेगळा पडतो. रॉबिनचा झगा पिवळा, बंडी लाल, हातमोजे हिरवे. तीन भडक रंग एका अंगावर शेजारी ठेवणं म्हणजे धाडस आहे. एक जरी मळकट निघाला तरी सगळं विटकं दिसतं. इथे तिन्ही एकाच जोराचे निवडलेत. बॅटमॅनच्या टोपीवर भुवया आणि नाकाची रेघ चक्क रंगवलेली आहे. त्याने मान वळवली की टोपीचं कापड गळ्याशी गोळा होतं आणि झगा खांद्यावरून सरकतो. अॅडम वेस्टने यावर तोड काढलेली दिसते. तो नुसती मान वळवत नाही, छातीसकट वळतो. त्यामुळे प्रत्येक वेळी कुणाकडे बघायचं तर तो पूर्ण त्या माणसाच्या समोर होतो. कपड्याची अडचण होती, तिचा त्याने स्वभाव केला. आमच्याकडचे जुने नट जड मुकुट असला की हेच करतात.

बेबीताईंनी पहिलं वाक्य उच्चारलं ते जोकर दिसल्यावर. “ताई, ह्यांनी मिशी काढली नाही का?”

नाही काढली. जोकर झालेल्या सीझर रोमेरोने मिशी काढायला साफ नकार दिला होता, म्हणून तिच्यावरूनच पांढरा रंग फासला. कॅसेटीत हे कधी दिसलं नव्हतं. डिस्कवर जवळच्या चित्रात मिशीचा केस न् केस पांढऱ्या रंगाखाली उठून दिसतो. मी सांगितलं, तर बेबीताईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, “पण हसतो बघा कसा. मिशीसकट हसतो.” हे खरं आहे. रोमेरो पूर्ण अंगाने हसतो, बोटांच्या टोकापर्यंत.

चारही खलनायक एकत्र आलेत हे या सिनेमाचं मोठं वैभव. पेंग्विन झालेला बर्जेस मेरेडिथ लांब सिगारेटदांडी दातात धरून बदकासारखं कॅक-कॅक करतो. चालताना पोट आधी येतं, माणूस मागून. रिडलर म्हणजे फ्रँक गॉर्शिन. अंगासरशी हिरवा पोशाख, त्यावर काळी प्रश्नचिन्हं. तो पोशाख त्याला आवडायचा नाही, म्हणून त्याच्यासाठी प्रश्नचिन्हांचा सूट आणि गोल टोपीही झाली. पण त्या हिरव्या पोशाखातलं त्याचं काम बघा. कोडं सुचलं की त्याच्या अंगातून कळ गेल्यासारखा तो उडतो. चौघांत माझ्या मते तोच उजवा, कारण त्याच्या हसण्याच्या शेवटी एकदम भीती वाटते. कॅटवुमन या वेळी ली मेरिवेदर, १९५५ची मिस अमेरिका. मालिकेतली ज्युली न्यूमार तेव्हा उपलब्ध नव्हती. मेरिवेदरच्या अंगावरचं काळं चमकीचं कापड शिवायला फार वाईट असतं. सुई अडते, दोरा तुटतो, उसवलं तर भोकं राहतात. ते इतकं बेतशीर अंगाला बसवलंय की तिच्या शिवणकाराला मी इथून हात जोडते.

कट असा की संयुक्त जगाच्या सुरक्षा परिषदेतले नऊ प्रतिनिधी वाळवून त्यांची भुकटी करायची. एका कमोडोरच्या यंत्राने माणसातलं पाणी काढून घेता येतं, ते यंत्र या चौघांनी पळवलंय. पेंग्विनकडे पाणबुडी आहे, तिला पेंग्विनचं तोंड आणि मागे वल्ह्यासारखे पाय. ही पाणबुडी त्याने सरकारी जुन्या मालातून रीतसर विकत घेतलेली असते, आणि विकणाऱ्या नौदलाच्या अधिकाऱ्याने गिऱ्हाइकाचा पूर्ण पत्ता विचारलेलाच नसतो. बॅटमॅन त्याला फोनवर जे सुनावतो ते कुठल्याही काळात कुठल्याही कचेरीत ऐकवावं असं आहे.

शार्कचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो, पण त्यातली माझी आवडती गोष्ट कुणी सांगत नाही. रॉबिन शिडीवर उलटा लटकून वरच्या कप्प्यातून फवारा काढून देतो. डिस्कवर त्या कप्प्यातले डबे नीट वाचता येतात. शार्कसाठी एक, व्हेलसाठी एक, बॅराकुडासाठी एक, मँटा रेसाठी एक. म्हणजे कुणीतरी बसून विचार केला की समुद्रावर जायचं तर काय काय लागेल, आणि चारही डब्यांवर नावं घातली. पडद्यावर दोन सेकंद दिसणाऱ्या गोष्टीसाठी. शार्क रबरी आहे, स्वच्छ कळतं. डबे मात्र मनापासून केलेले आहेत.

तसाच वेशपालटाचा खटका. वेन महालातून, म्हणजे बॅटमॅनच्या घरातून, दोघे खांबांवरून घसरत गुहेत जातात, वर असताना साध्या कपड्यात, खाली पोचल्यावर पूर्ण पोशाखात. हे कसं होतं याचं उत्तर म्हणून खांबाशी एक खटका दाखवलाय, त्यावर झटपट पोशाख बदलायचा खटका असं लिहिलेलं आहे. विंगेत चाळीस सेकंदात रावणाचा साधू करताना दोन बायका, एक टॉर्च आणि अकरा प्रेस बटणं लागतात. बेबीताईंना मी त्या पाटीचा अर्थ सांगितला तेव्हा त्या दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “असा एक आपल्याला हवा होता, वसईच्या प्रयोगाला.”

आता बॉम्बचा प्रसंग. खलनायकांच्या अड्ड्याखाली दारूचा गुत्ता आहे. वर बॉम्ब सापडतो, काळा गोल, वर पेटलेली वात, चित्रातल्या पुस्तकात असतो तसा. बॅटमॅन तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून धक्क्यावर धावत सुटतो. फेकायला जागा हवी. एका बाजूला नन चालल्यात. वळतो, तर बाबागाडी घेतलेली बाई. पलीकडे बँड वाजवत मंडळी येतायत. पाण्यात टाकावा तर होडीत प्रेमी बसलेत. दुसऱ्या कडेला बदकं आणि त्यांची पिल्लं. तो थांबतो, बघतो, परत पळतो.

हा प्रसंग मी चार वेळा पाहिला. त्यातलं गणित पूर्ण रंगमंचाचं आहे. डावी विंग, उजवी विंग, मागचा पडदा, आणि प्रत्येक ठिकाणाहून नेमक्या क्षणी कुणीतरी आत येतं. एक माणूस अर्धा सेकंद उशिरा आला तरी सगळं कोसळेल. आणि मध्ये अॅडम वेस्ट. त्याच्या तोंडाचा फक्त खालचा भाग उघडा आहे, ओठ आणि हनुवटी. एवढ्याशा जागेतून तो खरी काळजी दाखवतो. डोळा मारत नाही, प्रेक्षकांकडे बघून ‘कळतंय ना तुम्हाला’ असं म्हणत नाही. बदकांची पिल्लं मरू नयेत असं त्याला मनापासून वाटतंय. स्फोटानंतर रॉबिन विचारतो की गुत्त्यातल्या त्या दारुड्यांसाठी जीव कशाला धोक्यात घातलास. बॅटमॅन सांगतो, दारू पीत असतील, पण माणसंच आहेत ती. हे वाक्य तो इतकं सावकाश आणि सरळ म्हणतो की माझ्या पोटात कालवलं. माझे वडील प्यायचे. त्यांच्याबद्दल इतक्या साध्या शब्दांत इतकं चांगलं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

सगळंच सुरेख आहे असं नाही. मधला तासभर सैल आहे. कोडी सोडवायची दृश्यं लांबतात, आणि वाळवलेल्या शिपायांना परत ओलं करून बॅटगुहेत मारामारी होते ती मला दर वेळी ढकलून बघावी लागते. हेलिकॉप्टरमध्ये आणि गाडीत बसलेले असताना मागे जे पडद्यावरचं आकाश नि रस्ता सरकतो तो डिस्कवर फिका आणि दाणेदार दिसतो, समोरच्या माणसांशी त्याचा मेळ बसत नाही. कॅटवुमनवरही अन्याय झालाय. इतकी हुशार बाई, पण शेवटच्या मारामारीत ती मांजर सांभाळत पळते आणि घसरून पडते.

मात्र त्या पडण्यातूनच सिनेमातला सगळ्यात हळवा क्षण येतो. ती रशियन पत्रकार किटका बनून ब्रूस वेनला, म्हणजे बुरख्याशिवायच्या बॅटमॅनला, भेटलेली असते आणि तो तिच्या प्रेमात पडलेला असतो. पाणबुडीवर ती घसरते, मुखवटा निघतो, आणि समोर किटका. बॅटमॅन उभा राहतो. तिच्यावर आपलं प्रेम होतं हे तो सांगू शकत नाही, कारण सांगितलं तर तो कोण हे कळेल. रॉबिन शेजारी. काही सेकंद वेस्टचे ओठ फक्त मिटलेले राहतात, आणि मग तो कामाला लागतो. आमच्या गावच्या पडवीत इथे सगळे गप्प झाले होते, ते मला आठवतं. का गप्प झाले हे मला आत्ता कळलं.

शेवट सांगून टाकते, साठ वर्षांच्या सिनेमाचं रहस्य ठेवण्यात अर्थ नाही. नऊ प्रतिनिधींची नऊ रंगांची भुकटी कुप्यांत असते, आणि कमोडोरच्या धांदरटपणाने ती एकमेकांत मिसळते. बॅटमॅन रात्रंदिवस खपून कण वेगळे करतो, त्यावर पाणी सोडतो, माणसं उठून बसतात आणि भांडण जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू करतात. फक्त आता प्रत्येकजण दुसऱ्याच देशाची भाषा बोलतोय. जग बघतंय, काय होणार ते कुणालाच माहीत नाही. बॅटमॅन रॉबिनला हळूच म्हणतो की मनांची ही सरमिसळ कदाचित माणुसकीवरचा मोठा उपकारही ठरेल. मग दोघे दारातून न जाता खिडकीतून दोर सोडून निघून जातात.

डिस्कवर बाकी बरंच आहे. वेस्ट आणि रॉबिन झालेला बर्ट वॉर्ड यांचं शेजारी बसून, सिनेमा बघत बघत केलेलं निवेदन आहे. लेखक सेम्पलचं वेगळं आहे. आणि फक्त पार्श्वसंगीत ऐकायची सोय आहे, ती मला सगळ्यात कामाची वाटली. नेल्सन रिडलने प्रत्येक खलनायकाला स्वतःची चाल दिलीय. हातात सुई असताना पडद्याकडे न बघता नुसतं ऐकलं तरी कळतं की आत्ता पेंग्विन आला.

वेस्ट जून २०१७मध्ये गेला. त्यानंतर काही दिवसांनी लॉस एंजेलिसच्या सिटी हॉलवर रात्री वटवाघळाची खूण उजेडाने टाकली होती, बर्ट वॉर्ड तिथे उभा होता. मी तो व्हिडिओ फोनवर पाहिला तेव्हा माझ्याकडे हा सिनेमा नव्हता, आजीही नव्हती.

परवा बेबीताईंनी ते शिडीचं चित्र पुन्हा लावायला सांगितलं. टीव्हीजवळ जाऊन चष्मा वर करून झग्याची खालची कड बघितली. “दुमड अर्ध्या इंचाची आहे,” म्हणाल्या, “आत वजनाला काहीतरी घातलंय, नाहीतर एवढा पडणार नाही.” जानेवारीच्या गॅदरिंगला चौथीच्या मुलांचे सहा झगे आहेत. या वेळी कडेत साडीचा फॉल घालून बघणार आहोत.